कंबर किती?

२०२१च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात माणसं एकमेकांना फोन करून एकच प्रश्न विचारत होती. स्कोअर किती? करोना रुग्णाच्या छातीच्या स्कॅनचा, एचआरसीटीचा स्कोअर. २५ पैकी ८ आला की हायसं वाटायचं, १८ आला की रेमडेसिविरसाठी धावाधाव सुरू व्हायची. मग सॅच्युरेशन किती, सीआरपी किती, डी-डायमर किती. विज्ञानाशी दहावीनंतर संबंध न आलेल्या माणसांना लॅबचे रिपोर्ट तोंडपाठ झाले होते. एक प्रश्न मात्र कुणी कुणाला विचारला नाही. कंबर किती?

हा आकडा काढायला सीटी स्कॅनचं यंत्र लागत नाही. शिंप्याकडे असते ती टेप लागते आणि अर्धा मिनिट लागतो. तरीही तो आकडा कुठल्याच कागदावर नव्हता.

माझा मावसभाऊ त्या महिन्यात दवाखान्यात दाखल झाला. वय ३८, वजन ६८ किलो. हातपाय काटक्या, पोट तेवढं सुटलेलं. घरात सगळ्यांचं मत एकच, की हा काही जाडा नाही, याला काही होणार नाही. दाखल करून घेताना वय विचारलं, दमा विचारला, रक्तदाब विचारला. वजन आम्ही सांगितलं तेच लिहिलं. उंचीचा रकाना शेवटपर्यंत रिकामा राहिला. तिसऱ्या दिवशी साखर तपासली तेव्हा ३१० निघाली. मधुमेह आहे हे त्याला तोवर माहीतच नव्हतं. चौदा दिवस ऑक्सिजनवर काढून तो परत आला. त्याच वॉर्डातले सगळेच परत आले नाहीत.

या लेखातला राग त्या रिकाम्या रकान्यावरचा आहे. कारण शरीरातली चरबी आणि श्वसनाचा विषाणू यांचं साटंलोटं २०२१मध्ये नवीन नव्हतं. बारा वर्षं जुनं होतं.

२००९चा जून. स्वाइन फ्लू नुकताच आलेला. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये एका अतिदक्षता विभागात १० रुग्ण आले. दहाही जणांची फुप्फुसं निकामी होत चाललेली. डॉक्टरांनी नोंद केली की दहातले ९ लठ्ठ आहेत आणि त्यातले ७ तर अतिलठ्ठ, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ४० किंवा त्याच्या वर. तोपर्यंत फ्लूच्या जोखमीच्या यादीत म्हातारी माणसं, तान्ही मुलं, गरोदर बायका, दम्याचे आणि हृदयाचे रुग्ण असायचे. लठ्ठपणाला तिथे जागा नव्हती. मग कॅलिफोर्नियातूनही तेच चित्र आलं. स्वाइन फ्लूने दाखल झालेल्या ज्या प्रौढांची उंची-वजनं नोंदलेली होती, त्यांच्यात निम्म्याहून जास्त लठ्ठ निघाले. तेव्हापासून अमेरिकेत बीएमआय ४०च्या पुढे असलेला माणूस फ्लूसाठी जोखमीचा धरला जातो.

त्याच वर्षी ३ ऑगस्टला देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला. नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगा पुणेकरांच्या अजून डोळ्यांसमोर असतील. शाळा बंद झाल्या, मास्क काळ्या बाजारात गेले, कापूर-वेलचीच्या पुरचुंड्या गळ्यात आल्या. त्या साथीने आपल्याला मास्क शिकवला, हात धुणं शिकवलं. पोटाकडे बघायला आपण शिकलो नाही.

पुढे २०२० आलं, करोना आला. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन ५ एप्रिलला लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात गेले, दुसऱ्या दिवशी अतिदक्षता विभागात. वय ५५. तीन रात्रींनी ते तिथून बाहेर आले आणि नंतर जाहीरपणे म्हणाले की माझं वजन जास्त होतं, त्याने माझा घात केला. त्या जुलैमध्ये त्यांच्या सरकारने लठ्ठपणाविरुद्ध मोहीम उघडली. त्यांच्या राजकारणाबद्दल मला प्रेम नाही. पण आपल्या पोटाचा आजाराशी असलेला संबंध देशासमोर कबूल करणारा एकही नेता मी आपल्याकडे पाहिला नाही.

आता मूळ मुद्दा. पोटाची चरबी छातीच्या आजारात येते कुठून?

श्वास घेताना छाती आणि पोट यांच्यामधला श्वासपटल नावाचा स्नायूचा पडदा खाली सरकतो. फुप्फुसाला पसरायला जागा होते. पोटात चरबी साठली असेल तर पडद्याला खाली सरकायला जागाच उरत नाही. उभं असताना काम कसंबसं भागतं. उताणं झोपलं की पोटाचं सगळं ओझं त्या पडद्यावर येतं आणि फुप्फुसांचे पाठीकडचे, खालचे भाग दबून मिटतात. रक्त तिथून जातं, पण प्राणवायू न घेता जातं. निरोगी माणसाला हे जाणवतही नाही, फार तर जिना चढताना धाप लागते. विषाणूने उरलेल्या फुप्फुसात सूज आणली की मात्र हातात काही शिल्लकच नसतं. २०२१मध्ये सरकारपासून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत सगळे सांगत होते की पालथे झोपा. पालथं झोपल्यावर पाठीकडचे मिटलेले भाग उघडतात, म्हणून सॅच्युरेशन वाढतं. तो उपाय लाखो लोकांनी केला. आपल्या पोटाने रोज रात्री आपल्या फुप्फुसाचं काय होतं, हे त्या निमित्ताने त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं.

हे झालं नुसत्या ओझ्याचं. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. चरबी म्हणजे कोठारात पडलेलं तूप नव्हे. ती जिवंत ऊती आहे, रात्रंदिवस रसायनं सोडत असते. पोटातल्या अवयवांभोवतीची चरबी दाह वाढवणारी रसायनं सोडते, इंटरल्युकिन-६ त्यातलंच एक. म्हणजे विषाणू येण्याआधीच घरात धुमसणारा विस्तव असतो. शिवाय अशा शरीरात इंटरफेरॉन, म्हणजे विषाणूविरुद्धचा पहिला पहारेकरी, उशिरा आणि कमी जोराने उठतो. सुरुवातीला फौज येत नाही आणि नंतर येते ती स्वतःचंच घर जाळते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की करोनाचा विषाणू चरबीच्या पेशींमध्ये आणि त्या चरबीत राहणाऱ्या संरक्षक पेशींमध्येही शिरतो.

फ्लूचंही असंच. निकाराग्वाच्या मानाग्वा शहरात घरोघरी फिरून केलेल्या एका अभ्यासात दिसलं की फ्लूची लक्षणं असलेला लठ्ठ प्रौढ माणूस इतरांपेक्षा ४२ टक्के जास्त काळ इन्फ्लुएन्झा-एचा विषाणू बाहेर टाकत राहतो. म्हणजे धोका फक्त त्याच्यापुरता नाही, शेजारी झोपलेल्या नातवालाही आहे. लस घेतलेल्यांतही फरक पडतो. नॉर्थ कॅरोलिनातल्या एका अभ्यासात लस घेऊनही फ्लू किंवा फ्लूसारखा आजार होण्याचं प्रमाण लठ्ठ माणसांत दुप्पट निघालं. याचा अर्थ लस घेऊ नये असा कुणी काढला तर तो जीवघेणा मूर्खपणा ठरेल. लस घ्यायचीच, आणि लस घेतली म्हणून अंगावर ताप काढायचा नाही.

आकड्यांचं एक मोठं काम इंग्लंडमध्ये झालं. ६९ लाख लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. करोनाने रुग्णालयात जाण्याचा धोका बीएमआय २३च्या आसपास सर्वांत कमी होता. तिथून वर दर एका आकड्यामागे तो साधारण ५ टक्क्यांनी वाढत गेला. साडेपाच फूट उंचीच्या माणसाला हा एक आकडा म्हणजे पावणेतीन किलो. या अभ्यासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट वयाची आहे. ऐंशीच्या पुढच्या माणसात वजनाने फारसा फरक पडत नव्हता. २० ते ३९ या वयात मात्र तोच एक आकडा धोका ९ टक्क्यांनी वाढवत होता. आपण घरातल्या आजीला कोंडून ठेवलं आणि पस्तिशीतल्या पोट सुटलेल्या मुलाला भाजी आणायला पाठवलं. त्याचं वय त्याला वाचवेल असं धरून चाललो.

अमेरिकेतही तेच. २०२०मध्ये तिथल्या २३८ रुग्णालयांत करोनाचं निदान झालेल्या सुमारे दीड लाख प्रौढांपैकी निम्मे लठ्ठ होते आणि आणखी पाव हिश्शाहून जास्त लोकांचं वजन प्रमाणाबाहेर होतं.

एका आकड्यापासून मात्र सावध राहायला हवं. मार्च २०२१मध्ये जागतिक लठ्ठपणा महासंघाने म्हटलं की जगातल्या तोवरच्या २५ लाख मृत्यूंपैकी २२ लाख अशा देशांत झाले, जिथे निम्म्याहून जास्त प्रौढांचं वजन जास्त आहे. जगभर त्याच्या बातम्या झाल्या. पण त्याच देशांत म्हातारी माणसंही जास्त आहेत आणि मृत्यूची नोंदही नीट होते. आपल्याकडे अनेकांनी त्यातून सोयीचा अर्थ काढला, की आपण बारीक, आपल्याला भीती नाही. काही आठवड्यांत स्मशानांबाहेर रांगा लागल्या.

आपण बारीक? या भ्रमाला तडा देणारं काम पुण्यातच झालं आहे, आणि पुण्याला त्याचा अभिमान पुरेसा नाही. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांनी २००४मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आपला एकत्र फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. दोघेही कागदावर सडपातळ. मग क्ष-किरणांनी शरीरातली चरबी मोजली. युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२. दुपटीहून जास्त. युडकिन मॅरेथॉन धावणारे होते हे खरं, पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३पासून याज्ञिक यांच्या गटाने गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास चालवला. इथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपलं बाळ सगळ्या मापांत लहान होतं, फक्त चरबी त्याने जपून ठेवली होती. स्नायू कमी आणि चरबी शाबूत. दिसायला हडकुळं, आतून चरबीचं.

माझ्या मावसभावाचं कोडं इथे सुटतं. काटक्या हातपाय आणि सुटलेलं पोट ही आपल्या मातीतली ठेवण आहे. आईच्या पोटात अर्धपोटी राहिलेलं बाळ पुढे शहरात येतं, दिवसभर खुर्चीत बसतं, संध्याकाळी वडापाव खातं, आणि वजनकाटा त्याला सांगतो की तू ठीक आहेस. म्हणूनच भारतीय तज्ज्ञांनी २००९मध्ये आपल्यासाठी रेषा खाली आणल्या. बीएमआय २३ला वजन जास्त, २५ला लठ्ठ. कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटर, बाईची ८०. काट्याहून टेप खरी, असाच त्याचा अर्थ. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत पोटाचा लठ्ठपणा प्रौढांपैकी जवळपास ४० टक्क्यांत सापडला. बीएमआयने मोजलेला लठ्ठपणा २९ टक्क्यांच्या आत होता. मधला फरक म्हणजे माझ्या मावसभावासारखी माणसं.

दुसऱ्या टोकाकडेही बघायला हवं. इंग्लंडच्या त्या आलेखाची रेषा २३च्या खालीही वर चढते. उपाशी शरीर विषाणूशी लढू शकत नाही. १९१८च्या साथीत मुंबईत तेव्हाच्या सरकारी वर्गवारीने ‘खालच्या जाती’ म्हणून नोंदलेल्या माणसांत हजारी ६१हून जास्त माणसं गेली, युरोपीयांत हजारी ८. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महागलं होतं. त्या मृत्यूंत दाटीवाटीच्या चाळींचा वाटा होता, तसा भुकेचाही होता. आज मेळघाटात कमी वजनाच्या बाळाला सर्दीचा साधा विषाणू छातीत उतरतो तेव्हा आईकडे तास मोजायचे असतात. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात पाचातली जवळपास एक बाई कमी वजनाची निघाली आणि चारातली जवळपास एक जास्त वजनाची. एकाच राज्यात, बऱ्याचदा एकाच तालुक्यात.

आता सरकारकडे वळतो. १ मार्च २०२१ला ४५ ते ५९ वयाच्या लोकांना लस खुली झाली, पण फक्त सहव्याधी असलेल्यांना. केंद्राने २० व्याधींची यादी दिली. हृदय होतं, मूत्रपिंड होतं, कर्करोग होता, दहा वर्षांहून जुना मधुमेह होता. लठ्ठपणा नव्हता. मिशिगनच्या त्या दहा रुग्णांना बारा वर्षं होत आली होती, ब्रिटनने बीएमआय ४०च्या पुढच्या माणसांना लसीच्या प्राधान्यगटात घेतलं होतं, आणि आपल्या यादीत त्यासाठी एक ओळ नव्हती. महिन्याभराने ४५च्या पुढच्या सगळ्यांना लस मिळाली. पण तोवर दुसरी लाट महाराष्ट्रात येऊन पोचली होती.

आणि मापं नव्हती असंही नाही. आशाताई तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा सीबॅक नावाचा फॉर्म भरतात. त्यात वय आहे, तंबाखू आहे, दारू आहे, आणि कंबरेचा स्पष्ट रकाना आहे. पुरुषाची ९०पर्यंत शून्य गुण, १००पर्यंत एक, त्याच्या पुढे दोन. बाईची ८० आणि ९०. म्हणजे जो आकडा लस वाटताना हवा होता, तो विचारण्याची व्यवस्था गावोगाव होती. दिल्लीत यादी करणाऱ्यांनी तो रकाना उघडला नाही.

दवाखान्यांनाही एक सांगायचं आहे. जाड माणूस खोकला घेऊन आला की “आधी वजन कमी करा” हे वाक्य त्याच्या तोंडावर फेकलं जातं. ते ऐकून ऐकून माणसं दवाखान्यात यायची थांबतात. फ्लूवरचं ऑसेल्टामिव्हिर पहिल्या ४८ तासांत दिलं तर सर्वांत जास्त उपयोगी पडतं, आणि टोमण्याच्या भीतीने ते दोन दिवस घरीच जातात. ज्याला सर्वांत लवकर यायला हवं तोच सर्वांत उशिरा येतो, त्याला तुमची जीभ जबाबदार आहे. वजन ही जोखीम म्हणून लिहा, दंड म्हणून सुनावू नका. ज्या शहरात फुटपाथवर गाड्या उभ्या असतात, मैदानांवर मंडप असतात आणि कामावरून घरी यायला दोन तास लागतात, तिथे पोट सुटणं हा एकट्या माणसाच्या जिभेचा दोष नाही.

घरच्यांनीही ‘खात्यापित्या घरचा’ हे कौतुक आता आवरावं. आणि ‘हत्ती’, ‘ढोल’ ही घरातली टोपणनावंही. दोन्हींनी माप घेतलं जात नाही.

वजन उतरवून उपयोग होतो का? होतो. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने साथीच्या आधी शस्त्रक्रियेने वजन उतरवलेल्या लठ्ठ माणसांची तुलना न उतरवलेल्यांशी केली. करोनाची लागण दोन्ही गटांत सारखीच, ९ टक्क्यांच्या आसपास. पण आजार गंभीर होण्याचा धोका वजन उतरलेल्यांत ६० टक्क्यांनी कमी. विषाणू दोघांच्याही घरात शिरला, मुक्काम मात्र वेगळा झाला. सगळ्यांनी शस्त्रक्रिया करावी असं मी म्हणत नाही, ती मोजक्यांसाठीच असते. पण ही जोखीम कमी करता येते, वयासारखी ती कपाळावर लिहिलेली नाही, एवढं त्यातून नक्की कळतं. ते वर्षभराचं काम आहे. साथ दारात आल्यावर आठवडाभर काकडीवर राहून काही साधत नाही, उलट ताकद जाते.

म्हणून वाचकांना एक विनंती. आज टेप घ्या. सर्वांत खालची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, शर्ट वर करून, पोट आत न ओढता, श्वास सोडून मोजा. पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. आकडा त्याच्या पुढे असेल तर एकदा साखर तपासून घ्या, पावसाळ्याआधी फ्लूच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारा, आणि ताप-खोकला आला की दुसऱ्या दिवसाची वाट न बघता दवाखाना गाठा. तिथे केसपेपरवर कंबरेचा रकाना नसेल. तुम्ही स्वतःहून सांगा आणि लिहून घ्यायला लावा.